शून्य तक्रारींचा वॉर्ड

३ मार्च

पुन्हा पीएचडी! लोकप्रशासनाची विद्यार्थिनी, नाव विशाखा. विषय म्हणे डिजिटल विषमता आणि शहराचा कारभार. आकडे हवेत. दिले. आमचं ॲप उघडून दाखवलं — पाण्याची वेळ दर खेपेला बदलते, ती फोनवर येते, तक्रारही फोनवरूनच. मुकुंदवाडी स्टेशनामागच्या वस्तीतून वर्षभरात तक्रारी शून्य! महाराष्ट्रदिनी माझ्या वॉर्डाला त्याचं प्रमाणपत्र मिळणार, मागोमाग बढतीही. पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता म्हणून आणखी किती कुजायचं? पोरीनं अभिनंदन केलं नाही. "एकही नाही, सर?" एवढंच म्हणाली.

५ मार्च

रोज वस्तीत जाते म्हणे. या उन्हात! डोकं ठिकाणावर आहे का हिचं?

११ मार्च

आज तिच्यासोबत गेलो — चुका काढायलाच. घरोघरी फोन आहेत, हे आमच्या पाहणीत मीच लिहून दिलंय. ती 'फोन आहे का' असं विचारतच नाही. दारात उभी राहून म्हणते, "मावशी, फोन जरा दाखवता?" बस्स. सकाळची अकराची वेळ. एकाही घरात फोन नाही!

केसरबाई म्हणून एक बाई आहे, ती हसायलाच लागली. "फोन हाय की! त्यो मालकासंगं कंपनीत जातो, शेंद्र्याला. पाणी हितं येतं."

म्हणजे मेसेज वाजतो शेंद्र्याला, आणि नळ इथं येऊन जातो. तक्रार करायची तर फोन घरी येतो संध्याकाळी, तोही चार्जिंग संपलेला. इतकी वर्षं खात्यात आहे, पण "फोन दाखवा" म्हणायचं मला सुचलं नसतं. आधी जळलो. मग फार कौतुक वाटलं.

१२ मार्च

तक्रार नाही म्हणजे लोक खूश — असंच धरून चाललो होतो मी!

१९ मार्च

विशाखा आली. प्रबंधाचं लिहिलेलं प्रकरण आधी मला वाचायला दिलं. दुसरं कुणी असतं तर थेट पेपरात! माझं नाव कुठंही नाही.

"चूक रचनेची आहे, सर. पण परवा साहेबांपुढं मांडणार आहे. तुमचं प्रमाणपत्र अडेल."

"मग कशाला मांडतेस?"

"उन्हाळा आलाय, सर."

तिनं आवाज नाही चढवला, की उपदेश नाही. अशी माणसं आमच्या खात्यात का येत नाहीत?

बायकोला सांगितलं. "आणि बढती?" म्हणाली, ताट आपटलं. तिचंही चुकत नाही.

२१ मार्च

आढावा बैठक. विशाखानं साधंसरळ मांडलं. साहेब म्हणाले, "तक्रार एक नाही, आणि तुम्ही म्हणता पाणी मिळत नाही?" सगळे हसले. ती जागची हलली नाही. "तक्रार करायची सोयच नसेल, साहेब, तर तक्रार दिसेल कशी?" शाब्बास!

मग साहेब माझ्याकडं वळले. "राजेंद्र, खरंय हे?"

"व्हय साहेब," — माझ्या गावचं, गंगापूरचं व्हय नेमकं तेव्हाच तोंडातून निघालं. "मी पाहून आलोय."

साहेब भडकले. "मग वस्तीत खिडकी उघडा तक्रारींची, आणि स्वतः बसा तिथं!"

२ एप्रिल

खिडकीचा पहिला दिवस. उघडायच्या आधीच बायकांची गर्दी, सगळ्या तापलेल्या. "एवढे दिस झोपला व्हता का रं?" — एक म्हातारी तोंडावर ओरडली. प्रमाणपत्र गेलं, बढती गेली. आणि मी येडा, हसत हसत विशाखाला फोन लावला — "अगं, तक्रारी आल्या!"