भोंग्याचा नियम

भिलाई, ८ मार्च १९९१

माझ्या तारे,

जय भीम. कोन्या पेशंटले डाक्टरची आधी गरज आहे, हे आता तुमचा कॉम्प्युटर सांगनार, अन् त्याले शिकवाले तू आपल्या नर्स आईले विचारून राहिली, याचं मले लय कवतिक वाटते. श्वास, नखं, लघवी, असे बारा नियम तुले धाडले. तेरावा मी लपवला.

आमच्या वार्डात सारे स्टील प्लांटचे मानसं. भोंगा वाजला का तापानं फनफनलेला बी विचारते, "सिस्टर, कोनती शिफ्ट सुटली?" ज्यानं नाही विचारलं, त्याच्यासाठी मी डाक्टरले धावत बोलावते. बावीस वर्षं हा नियम चुकला नाही. तुझे बाबा जेवाले बसले का मी त्याईले हेच सांगत जाओ.

ते गेले, त्या दुपारी माझ्याच वार्डात होते. माझं तोंड पाहून हसले अन् म्हनाले, "सिस्टर, कोनती शिफ्ट सुटली?" माझा जीव भांड्यात पडला. मी चहा घ्याले गेली. कप तोंडाले लावला, अन् तवा कुठं भोंगा वाजला. कप टाकून धावली, पन उशीर झाला होता.

हे पत्र मी टाकनार नाही. तू मले हुशार समजते, तसंच राहू दे. पन तुझ्या मशीनले कवा तेरावा नियम शिकवशीन, तर असा शिकव: विचारनारा आपला नवरा असंन, तर आधी घड्याळ पाहा.

तुझीच आई,
रुक्मा