सीमेवर राहिलेली पोळी

आई,
तुला साष्टांग नमस्कार, आणि बुंदीकडून एक ओला पंजा.

आम्ही दोघी बर्लिनला सुखरूप पोचलो. देव पाण्यात घातले असशील तर आता काढ बाहेर.

विमानतळावरच्या बाईंनी बुंदीच्या मानेवर यंत्र फिरवलं. कातडीखालच्या चिपचा नंबर कागदाशी जुळला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मुलुंडला आपण चिप बसवण्याआधीच लस देऊन बसलो होतो, आणि ती इथे धरत नाहीत. मग लस परत, रक्ततपासणी, पुढे नुसतं थांबणं. तू वैतागून म्हणालीस, "कुत्री नेतेयस की नवरी?"

सगळं पास झालं आणि बाईंनी पिंजऱ्यातली तुझी जुनी साडी झटकली. आतून तूपसाखरेची पोळी पडली. आई, दूधतुपाचं काही आत नेता येत नाही, हे मी तुला दहा वेळा सांगितलं होतं ना गं. मी माफी मागितली. बाई हसल्या आणि पोळी कचऱ्यात गेली. बुंदी त्या डब्याकडे वळून वळून बघत होती.

साडी मात्र ठेवू दिली. बुंदी तिच्यावरच झोपते. संध्याकाळी, तुझी देवळातून यायची वेळ झाली की दाराशी जाऊन बसते.

गुडघा कसा आहे? तिला फिरवायला जिने उतरायचे नाहीत, तेवढा आराम. पण बाबा गेल्यापासून तीच तुझी सोबत होती, हेही मला कळतं.

तुला तर चिपही लागत नाही. पासपोर्ट काढ. पोळ्या इथे येऊन लाट.

तुझी,
इरा