पेनड्राइव्ह पहिला कुणी केला?

शुभंकर राजा,
ये, जवळ बस. एक आख्यान सांगते, मध्येच उठू नकोस.

तू ऑफिसला म्हणून निघालास आणि मी कीर्तनाचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला, तर नुसता काळा पडदा. तू फोन उचलेनास, म्हणून तुझ्या ऑफिसातल्या निलयला लावला. गुणी पोर! फोनवरूनच मला बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, घेऊन गेला. "आत्या, चालू होताना एफ-टू दाबत राहा." बघते तर बूटच्या, म्हणजे कॉम्प्युटर कशावरून सुरू व्हायचा त्या, क्रमात पेनड्राइव्ह पहिला आणि हार्डडिस्क त्याच्या खाली. म्हणजे नमनाआधीच आख्यान! क्रम बदलून सेव्ह केलं, तेव्हा कुठे बुवा गायला लागले.

निलय म्हणाला, "हे आपोआप होत नाही, आत्या. कुणीतरी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालवतंय, मागे काही खूण राहू नये म्हणून. शुभंकरला विचारा ना, घरीच असेल."

"अरे, तो तुझ्या शेजारी बसतो ना?"

"मतलब... हो, हो. मीटिंगमध्ये आहे."

मी देवळात गेले की या घरात कोण येऊन बसतं रे? आणि तुझा ऑफिसचा लॅपटॉप हल्ली दिसत नाही, तो कुठे आहे? नोकरी गेली असेल तर गेली. पण माझ्यापासून लपवू नकोस.

मी टिळक नगरला कीर्तनाला जातेय. वरणभात झाकून ठेवलाय, गरम करून घे. रागवायचं तर माझ्यावर रागव, निलयवर नको. आणि तुझ्या होणाऱ्या बायकोची, मितालीची आठवण ठेव. तुझ्याजवळ राहायचं म्हणून ती उद्या पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा देणार आहे.

आत्या