कांतीण : अनुस्वारासह

१ ऑक्टोबर १९३४, सोमवार
आजपासून निश्चय. रोज पहाटे पाच पाने. पुण्याच्या एका मासिकाने माझ्याकडून 'नाशिककडचे शब्द' यावर आर्टिकल मागवले आहे. (मी पाठवू का विचारले, 'पाठवा, बघू' असे उत्तर आले. एकूण एकच.) शब्द ठरला : कांतीण. घरात जाळे करणारा साधा कोळी. 'कोळी' म्हटले की लोकांना गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) मासे धरणारा आठवतो. कांतीण म्हटले की फक्त तीच. कांतते ती कांतीण. हल्ली जो तो चरखा फिरवतो आहे, तेव्हा लेख गाजणारच. पेन्शनीत निघालेला मास्तर काय चीज आहे ते शाळेला कळेल.
अनुस्वार द्यावा की नुसते 'कातीण' लिहावे, हे उद्या.

३ ऑक्टोबर
अनुस्वार ठरला नाही. पाने : शून्य. मात्र माजघराच्या कोपऱ्यात एक कांतीण आपण होऊन आली. शुभशकुन. हुकूम सोडला, लेख होईपर्यंत घरात कुंचा लावायचा नाही. ही नाराज. दिवाळी तोंडावर आणि घरात जळमटं, म्हणे. बत्तीस वर्षे संसार केला, पण हिला सायन्स कळले नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार
ही कालपासून पडून. डोके उजवीकडे ठणकते म्हणते. पिठले मी केले. करपले. लाकडे ओली होती.

८ ऑक्टोबर
थोर दिवस! भांडीवाली बयाबाई आतून ओरडत आली, बाईच्या कपाळावर कांतीण आली हाय, लय मोठी. मी मान वर न करता म्हणालो, मारू नकोस, अलगद वाटीखाली धर. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उलगडा झाला. अंगावर उठणाऱ्या फोडांनाही तिच्याकडे कांतीणच म्हणतात! कांतीण अंगावरून गेली की उठते, असा समज. दुसरा अर्थ, आणि तोही माझ्याच घरात! जाऊन पाहिले. भुवईपासून केसांपर्यंत, फक्त उजवीकडे. चित्र काढून घेतले. ही कण्हत होती. धीर दिला, म्हटले, अगं, तू पुण्याला छापून येणार.

१० ऑक्टोबर
आज डॉक्टरकडे नेणारच होतो. पण बयाबाई गेरू लावते म्हणाली. गेरूने कांतीण 'बसते'. म्हणजे कांतीण उठते, पसरते, बसते. एका शब्दाला तीन क्रियापदे! पहिली दोन पाहिली. तिसरे न पाहता लिहिणे अप्रामाणिकपणा होईल. दोन दिवस थांबू. डॉक्टर कुठे पळून जातो?

१३ ऑक्टोबर
फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले. उजवा डोळा सुजून बंद. कांतीण काही बसत नाही. अनुस्वार मात्र बसला : द्यायचा. मोठे ओझे उतरले.

१७ ऑक्टोबर, बुधवार
सूज उतरली, डोळा उघडला. मी म्हणतच होतो. डॉक्टरचा हेलपाटा वाचला. पण बरे वाटताच हिची जुनी कुरकुर सुरू. जळमट दिसतंय हो, तेवढं काढा. म्हणालो, लेख पोस्टात पडू दे, मग काढतो.

१९ ऑक्टोबर
पुन्हा जळमट. सकाळी जळमट, दुपारी जळमट. अंथरुणाला खिळली तरी लक्ष सगळे आढ्याकडे! रागावलो. जरा जास्तच बोललो. ही भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी लेख पोस्टात. सत्तावीस पाने! आता दिलेला शब्द पाळायचा. स्वतः काठीला कुंचा बांधला आणि ओटीपासून परसदारापर्यंत घर झाडले. माजघरातली कांतीणही गेली, जाळ्यासकट. दहा शिंका आल्या. हिला उठवून बसवले, म्हटले, बघ, एक तरी जळमट उरलंय का? ही म्हणाली, आहे तिथंच आहे. मी कोपरा न् कोपरा दाखवला. हिने तिकडे पाहिलेच नाही. तळव्याने डावा डोळा झाकला आणि म्हणाली, आता तर तुम्हीसुद्धा दिसत नाही.

२३ ऑक्टोबर
टांग्याने दवाखान्यात. डोळा कामातून गेला. बुबुळावर पांढरे आले आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत थेंब पडते तर कदाचित वाचता, असे डॉक्टर म्हणाले. कधीपासून आहे, असे विचारले. डायरीत तारखेसकट सगळे आहे. मी सांगितले, झाले असतील चार-पाच दिवस. ही माझ्याकडे वळली. मेल्याहून मेल्यासारखे झाले.
मात्र कपाळावर फोड पाहून डोळा कोणाला सुचणार? आणि हिनेही स्पष्ट सांगायला हवे होते. जळमट म्हणजे जळमट. मास्तर माणूस शब्दाचा जो अर्थ असेल तोच घेणार.

२ नोव्हेंबर, शुक्रवार
पुण्याहून लेख परत. सोबत कार्ड. शब्द जुन्या कोशांत दोन्ही अर्थांसह आहे, नवे काही नाही, कळावे. अनुस्वाराविषयी एक अक्षर नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीसाठी बयाबाई घर झाडायला आली. ही आता भिंतीला हात लावत हिंडते. माजघराच्या कोपऱ्यात नवी कांतीण आली आहे, जाळे अर्धे झाले आहे. बयाबाईने कुंचा उचलला, तशी ही म्हणाली, तो कोपरा तेवढा राहू दे गं, त्यांच्या अभ्यासाचा आहे.
मी तिथेच उभा होतो. हिच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर. हिला दिसलो नाही. मी खाकरलोसुद्धा नाही.