गुडघा बरा झाल्याची साक्ष

प्रिय उज्वले,

प्रभूच्या नावाने सलाम. लातूरकर मंडळी खुशाल असतील, तुझी शुगर ताब्यात असेल. इकडे मुदखेडला मी ठणठणीत हाय, अन् तेच नडलंय.

तुझे दाजी गेल्यापासून घरात आवाज म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, नाहीतर रेल्वेच्या. (पोरगा पुण्याहून फोन करतो, जेवलीस का विचारतो, अन् ठेवतो.) आमच्या चर्चच्या महिला मंडळाची रीत तुला ठाऊक हाय. जी बहीण आजारी, तिच्या घरी मंगळवारची प्रार्थना. माझा गुडघा नुसता कुरकुरत होता. मी तो पार कामातून गेला म्हणून कळवलं. मग काय, दर मंगळवारी घर भरायला लागलं. गाणी, प्रार्थना, चुरमुऱ्यांचा सुशीला, अन् आमेन झालं की गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. गंगम्मा (तीच, देगलूरची, जिची प्रार्थना रडल्याशिवाय होत न्हाई) माझ्या गुडघ्यावर हात ठेवून इतकी रडली की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. लई बरं वाटायचं गं.

ते बरं वाटणंच अंगाशी आलं. मागच्या रविवारी मंडळाच्या सेक्रेटरी विनीताबाईंनी चर्चमध्ये विचारलं, देवाने केलेल्या उपकाराची कुणाला साक्ष द्यायची हाय का. सगळ्या गप्प. साक्षीच्या वेळी गप्प बसणं मला सोसत न्हाई, ही खोड जुनीच. उठले, अन् देवाने माझा गुडघा बरा केला असं सांगून मोकळी झाले. सगळे हालेलूया म्हणाले. पाळकसाहेबांनी चालून दाखवायला सांगितलं, तर मी येडी तुरुतुरु वेदीपर्यंत जाऊन आले.

मंगळवारी सुशीला करून, सतरंजी अंथरून बसले. कुणीच न्हाई. फोन केला, तर सगळ्या गंगम्माकडे; तिची कंबर धरली म्हणे. (धरली कसली, माझ्याकडून शिकली.) परत दुखतंय म्हणावं, तर विनीताबाई म्हणणार, साखराबाई, तुमचा विश्वास कमी पडला. परातभर सुशीला मी दुसऱ्या दिवशीही एकटीनंच खाल्ला. घर खायला उठतंय, उज्वले.

तुझी अक्का,
साखराबाई

ता. क. विनीताबाईंना तूच कळव, की अक्का गुपचूप दुखणं सोसून राहिली. माझ्या तोंडून कसं सांगू?

ता. क. दुसरं. राहू दे, कळवू नको. कालपासून गुडघा खरंच धरलाय, अंगणाची पायरी उतरवत न्हाई. पण मंडळाला कळलं, तर प्रार्थना करून परत बरा करतील. तूच ये, चार दिवस राहा. कितीबी बरं वाटलं, तरी मी साक्ष देणार न्हाई.