दोनशे बारा शर्टांचे बूट

३ मार्च, सोमवार
हिशेब. बुटांचा जोड, १९० शर्ट. आत घालायची मऊ गादी, ८ शर्ट. टॅक्सी जाऊन-येऊन, १४ शर्ट. एकूण २१२ शर्टांची इस्त्री. लॉन्ड्री काढल्यापासून मी प्रत्येक गोष्ट शर्टात मोजतो. फसगत होत नाही. एका बाईच्या पायांत दोनशे बारा शर्ट घातले. आता म्हणा मला चिकट!
बूट हिच्यासाठी. गेले दोन महिने संध्याकाळी पाय सुजतात म्हणते. इस्त्रीच्या टेबलाशी दहा-अकरा तास उभं राहायचं तर बूट चांगले हवेत, साधी गोष्ट आहे. ही चोवीस वर्षं सपाता घालून उभी राहिली. चूक तिची. पण मी बोलून दाखवणार नाही.
माप विचारलं असतं तर सरप्राइज कसलं? काल दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा पांघरुणाबाहेर आलेला पाय कागदावर पेन्सिलीने आखून घेतला. बुटांच्या दुकानातला टायवाला म्हणाला, असं माप घेणारा नवरा पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, लॉन्ड्री माझ्या दोन पायांवर उभी केलीय मी. पायांतलं मला सांगू नका.

४ मार्च, मंगळवार
घातले. छान आहेत म्हणाली. आराम वाटतो का विचारलं. उजव्याला वाटतो म्हणाली.
मी म्हटलं, डावा जरा लाजाळू असेल, रुळेल. हसली. माझे विनोद तिला अजून आवडतात.

६ मार्च, गुरुवार, दुपारी ३
मी पुढे गल्ल्यावर, ही पडद्यामागे टेबलाशी. पण मला बघावं लागत नाही. माझे कान आहेत. लांबलचक स्स्स आला की हॉटेलची चादर. तीन छोटे स्स्स आणि मग एक थप्, म्हणजे शर्टाची कॉलर झाली, इस्त्री स्टँडवर गेली. दिवसाचे शर्ट मी त्या थप्वर मोजतो. वही नंतर उघडतो, आकडा जुळतो.
आज मात्र थप् जास्त, शर्ट कमी. अर्थ उघड आहे. नव्या बुटांमुळे अंगात जोर आलाय, इस्त्री आपटली जातेय.

संध्याकाळी ७
पडद्याआड डोकावलो. पायांत सपाता. बूट खोक्यात, वर कागद नीट घडी घालून. खराब होतील म्हणाली.

९ मार्च, रविवार
बदलून आणले. हे पांढरे, नर्सबाया घालतात तसले. वर ४० शर्ट. टायवाला म्हणाला, बाईंनाच घेऊन या ना एकदा. त्याला धंदा कळत नाही. ती इथे आली तर तिथे इस्त्री कोण करणार? कागदावर पट्टी लावून त्याने पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. मला माहीतच होतं.
संकल्प : उद्यापासून दर तासाला तिच्या पायांची चौकशी करायची.

१० मार्च, सोमवार
नऊला विचारलं. दहाला विचारलं. अकराला विचारलं तेव्हा म्हणाली, अहो, विचारताय त्यापेक्षा तेवढे हँगर द्या इकडे. तेवढ्यात फोन आला, हँगर राहिले.
संकल्प तूर्त स्थगित. तिलाच नको आहे.

१५ मार्च, शनिवार
लेक आली. आल्या आल्या आईचा पाय मांडीवर घेतला आणि बोटाने दाबला. खड्डा पडला. बराच वेळ भरला नाही. लेक म्हणाली, बाबा, बुटांचं राहू द्या, एक उंच स्टूल आणा.
तिला शांतपणे समजावलं. इस्त्री बसून होत नाही. खांद्यातून वजन यावं लागतं. शिवाय गिऱ्हाइकाने डोकावलं आणि बाई बसलेली दिसली, तर काय म्हणेल? ह्यांना कामं नाहीत म्हणेल.
ही चादरीवरून नजर न उचलता म्हणाली, अकरा वर्षांपूर्वी मी स्टूल मागितलं होतं तेव्हाही हेच म्हणाले होते. शब्दसुद्धा हेच. मला बरं वाटलं, मतात बदल नाही माझ्या. असा माणूस आजकाल मिळत नाही.
लेक म्हणाली, तुम्ही बसता ते? म्हटलं, गल्ल्यावर डोकं चालवावं लागतं, ते उभ्याने चालत नाही. त्यावर ती बॅग उचलून गेली.

१७ मार्च, सोमवार
तिसरा जोड, अर्धा नंबर मोठा. आता उजवा निसटतो आणि डावा अजून चावतोच. उजव्यात कापूस भरला. नाड्या मी स्वतः बांधल्या, जमिनीवर गुडघा टेकून. गुडघा मोडल्यासारखा वाजला. ही म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा वाकलात. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला. थोडा वेळ ठेवलेलाच होता.
तोल सांभाळायला ठेवला असेल.

२२ मार्च, शनिवार
दुपारी आवाज थांबला. मला वाटलं चादरी संपल्या. दहा मिनिटांनी गेलो तर टेबलाचा पाय धरून जमिनीवर बसली होती. इस्त्री मात्र व्यवस्थित बंद केलेली. म्हणाली, हॉटेलच्या अकरा राहिल्यात.
डॉक्टर म्हणाले, शिरा खराब झाल्यात, उभं राहणं बंद. मी विचारलं, बूट कोणते घ्यावेत? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, लॉन्ड्री, स्वकष्टाची. म्हणाले, इस्त्री कोण करतं?
डॉक्टर हुशार असतील, बुटांतलं त्यांना काही कळत नाही.

२४ मार्च, सोमवार
लेक येऊन हिला घेऊन गेली. आठ दिवसांसाठी. मी हॉटेलच्या मॅनेजरशी चादरींचं बोलत होतो. वळून बघितलं तर पडदा हलत होता आणि मागचं दार लोटलेलं. सपातांचा आवाज होत नाही.
चौथ्या जोडाची ऑर्डर दिली. ही येईपर्यंत येईल.

२५ मार्च, मंगळवार, सकाळी ७
आजपासून इस्त्री मी. त्यात काय आहे? एका इस्त्रीवर सुरुवात मीच केली होती. ही आली ती दुसऱ्या वर्षी. रोज ऐंशी शर्ट आणि चादरी आरामात.

सकाळी ११.२०
सतरा शर्ट. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून लिहितोय.

दुपारी ४
एक गोष्ट कळेना. कॉलर करतो, इस्त्री स्टँडवर ठेवतो, आवाज येतो टक्. थप् येत नाही. हळू ठेवून बघितली, आपटून बघितली. टक्. मला वाटलं स्टँड ढिला झालाय. स्क्रू आवळले. टक्.

संध्याकाळी ६.३०
एकतीस शर्ट. कॉलर करताना टेबलावर रेलावं लागतं, सगळा भार डाव्या पायावर येतो. तिसाव्या शर्टाला माझा डावा पाय बधिर झाला. मुंग्या घालवायला जमिनीवर आपटला.
थप्.
आज शर्ट मोजले नाहीत.

३१ मार्च, सोमवार
आठ दिवस झाले. फोन केला. लेक म्हणाली, आई अजून राहील. शेजारच्या शिंपिणीकडून बटणं लावायची, कडा दुमडायची कामं आणते, खिडकीशी बसून करते. माझ्या लॉन्ड्रीची मालकीण दुसऱ्यांची बटणं लावते! पण रागावलो नाही. मी स्टूल आणलंय. उंच, पाठ टेकायला पट्टी, पाय ठेवायला दांडी. ३० शर्ट. तीन जोडांपेक्षा कितीतरी स्वस्त पडलं, हे आधी कोणी नीट सांगितलं असतं तर!
हिला फोनवर घेतलं, स्टुलाचं सांगितलं. दांडीचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं केलंत. तुम्ही बसत जा आता. आणि दुपारचं जेवत जा.

६ एप्रिल, रविवार
चौथा जोड आणायला गेलो तर टायवाल्याने जोड परत आत ठेवला आणि हातात दोन कोरे कागद दिले. म्हणाला, काका, पाय दोन असतात.
लेकीकडे गेलो. हिला जागेपणी समोर बसवलं आणि दोन्ही पाय आखले. उजवा माझ्या जुन्या कागदाशी जुळला. डावा दीड नंबर मोठा, बाहेरच्या बाजूला पसरलेला. विचारलं, कधीपासून? म्हणाली, पोरगी शाळेत जायची तेव्हापासून. म्हटलं, सांगायचंस तरी. म्हणाली, तुम्हाला आवाजावरून सगळं कळतं म्हणायचात ना.
चिडून नाही बोलली. चिडली असती तर मी समजूत काढली असती, ते मला येतं.
म्हटलं, दोन जोड घेतो, एकातला उजवा, दुसऱ्यातला डावा, उरलेले फेकून देऊ. शर्ट किती लागतील ते लागोत. म्हणाली, अहो, मला आता बूट कशाला? मी बसते.
मग उद्या येतेस ना, विचारलं. सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर नाही म्हणाली. चहा घेणार का, विचारलं.
घेतला. तिनेच केला, बसून.

१४ एप्रिल, सोमवार
हॉटेलने चादरी दुसरीकडे दिल्या. इस्त्रीचं मोठं टेबल विकायला काढलं. आज दोन माणसं आली आणि उचलून घेऊन गेली. रिकामी जागा झाडायला घेतली.
टेबलाच्या जागेसमोर जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम दोन जागी झिजून फाटलंय, खालची फरशी दिसते. दोन पावलं शेजारी-शेजारी. उजवं लहान, डावं मोठं. त्यांत उभा राहून बघितलं. माझे पाय बसत नाहीत.
मग पुढे आलो, गल्ल्यामागची माझी खुर्ची सरकवून खाली बघितलं. तिथे लिनोलियमवरची फुलं अजून नवी आहेत.