बिबट्याच्या ओठांवरचा दोरा

चाळीसगाव, रविवार, संध्याकाळ

तो काळा दोरा डोळ्यांसमोरून हलतच नाही.

माझ्या वडिलांनी, नानांनी, तरुणपणी काम केलेला जंगलपट आज इंटरनेटवर सापडला. सातपुड्यात कसाबसा उरकलेला सिनेमा. हीरोच्या जागी बिबट्याशी झुंजले ते नाना. ती झुंज ऐकतच मी मोठी झाले. उद्या माझी मुलगी जुई त्यांना शाळेत नेणार होती, वर्गाला तीच गोष्ट सांगायला. म्हणून सगळे टीव्हीसमोर बसलो.

बिबट्याने नानांवर झेप घेतली. त्याचा चेहरा जवळून दिसला, आणि ओठांवरचा दोराही. तोंड शिवलेलं होतं. जुईने पाहिलं असेल का? मी घाईने रिमोट शोधू लागले.

"राहू दे," नाना म्हणाले. "बठ्ठं दखू दे तिले." सगळंच बघू दे, असं त्यांचं म्हणणं.

जुईने विचारलं, "नाना, तो चावत का नाहीये?"

"त्यानं तोंड शिवेल व्हतं, बेटा. त्याले पानी बी पिता ये नही. तिसरा दिन मरी गया."

मला त्यांचा राग आला, मग स्वतःचाच. इतकी वर्षं ऐकलं, पण तो चावला कसा नाही, हे मी एकदाही का विचारलं नाही?

जुई रडत आत गेली. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाली, "उद्या शाळेत येऊ नका, नाना."

"येसू," नाना म्हणाले. "पन आते हाई शिवेल तोंडनीच गोष्ट सांगसू."